सकाळी सहाची हाजिरी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांचा श्वास थांबलेला होता.

तुम्हा तरुण पोरापोरींच्या गोष्टीत आधी नजरेला नजर भिडते आणि मग श्वास अडकतो. आमच्यात सगळं उलटं झालं. वयंसुद्धा उलट्या टोकाची… मी एकोणसाठ, ते चौसष्ट.

चैत्राचे दिवस होते. सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात झोपेच्या आजारांचा विभाग आहे, तिथल्या बाकावर मी बसले होते. मी विजयमाला, राहणार कुंडल. जन्मभर अंगणवाडीत पोरांची हजेरी घेतली. मांडीवर फाईल, फाईलवर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड. झोपेत माझा श्वास मध्येच बंद पडतो, म्हणून नाकाला मास्क लावून रात्रभर हवा देणारं मशीन मला दोन वर्षांपूर्वी या योजनेतून मिळालंय. मास्कचा पट्टा सैल झाला होता, तो बदलून घ्यायचा होता.

समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसल्या बसल्या झोपले होते. पांढरा सदरा, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही. मिशा दोन्ही बाजूंनी सारख्या कापलेल्या. आणि पायात पॉलिश केलेले काळे बूट — चैत्राच्या उन्हात! मांडीवर हिरव्या कापडात शिवलेलं एक गाठोडं, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. घोरणं तर असं की अख्खा मजला दणाणत होता. शेजारच्या दोन पोरी तोंडाला ओढणी लावून खुदखुदत होत्या.

मग घोरणं थांबलं.

पोरींना वाटलं, सुटलो बाई. मला मात्र ती शांतता ओळखीची होती. त्यांची छाती हलत नव्हती. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन… दहा… पंधरा… अठराला मी उठले आणि उन्हाच्या छत्रीचं टोक सरळ त्यांच्या गुडघ्यात खुपसलं.

"हाजिर, साब!" ते ताडकन उभे राहिले. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, गाठोडं बगलेत.

आता त्या पोरी मोठ्यानंच हसल्या. मला हसू आलं नाही.

"साब न्हाई, बाई हाय मी," मी म्हटलं. "बसा खाली."

"माफ करा हं. डोळा लागला जनू."

"डोळा लागला त्याचं काय न्हाई. श्वास थांबला व्हता तुमचा. अठरा मोजलं मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे तांबारलेले, रात्र रात्र नीट झोप न मिळाल्यासारखे. मग हळूच म्हणाले, "अठराच? आमची राहीबाई पंचवीस-तिसापतुर मोजायची."

"कोन राहीबाई?"

"मंडळी. तीन वर्सं झाली जाऊन."

मी गाठोड्याकडे बोट केलं. "त्यात काय हाय एवढं जपून?"

त्यांनी गाठ सोडली. आत माझ्याकडे आहे तसंच मशीन होतं. पण माझ्या मशीनला दोन वर्षांचे डाग, नळीला पिवळेपणा. हे तर नुकतं कारखान्यातून आल्यासारखं. नळीचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं, आणि हिरव्या कापडावर पांढऱ्या रंगात त्यांचा फौजेतला नंबर सुबक काढलेला.

"कालच दिलं व्हय?"

"न्हाई. महिना झाला."

"मग वापरलं न्हाई?"

"एक रात बांदलं. बैलाला मुसकं बांदल्यागत वाटलं… काढलं. आनि सरकारी माल हाय, बाई. महिन्यानं परत आनून दाखवा म्हनाले. दाखवायचा माल कुनी वापरतं का? जसा इश्शू झाला तसा दाखवनार." शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्या अभिमानानं म्हटलं.

मी कपाळावर हात मारला. आणि त्याच क्षणी मला आमच्या घरातली लोखंडी पेटी आठवली.

माझे मालक उदयसिंह, सुभेदार होते. त्यांच्या पेटीत दाढीचे दोन ब्रश असायचे. एक रोजचा, आणि एक ज्याला अठ्ठावीस वर्षांत पाणी लागलं नव्हतं. तो फक्त इन्स्पेक्शनला चादरीवर मांडायचा. दोन मग, दोन टॉवेल, दोन जोडी मोजे — एक माणसासाठी, एक साहेबासाठी. फौजेतून माणूस घरी येतो, ही सवय काही येताना तिथं ठेवून येत नाही. समोरचा हा माणूस तर स्टोअरचा हवालदार निघाला. उंब्रजचे नाथाजी. बावीस वर्षं दुसऱ्यांचा माल मोजून घेतला, मोजून दिला.

"हवालदार," मी म्हटलं, "ह्या मशीनच्या पोटात एक कार्ड असतंय. तुमी किती तास झोपला ते त्याच्यावर उमटतंय. साहेब पेटी बगनार न्हाई, कार्ड बगनार."

त्यांचा चेहरा उतरला. मिशांसकट.

तेवढ्यात आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. मशीन देणारी मुलगी सोनम, अंगात पांढरा कोट, तोंडात काका-मावशी. तिनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला. तीस दिवसांच्या तीस ओळी. एका ओळीवर चाळीस मिनिटं, बाकीच्या कोऱ्या.

"काका, नियम असा आहे," ती म्हणाली. "महिनाभर बहुतेक रात्री निदान चार तास वापरलं, तर डॉक्टर लिहून देतात आणि योजना मशीन मंजूर करते. नाही वापरलं तर मशीन परत घ्यावं लागतं. पेशंटला गरज नाही असं धरतात."

"गरज न्हाई कशी?" मीच उसळले. "बाहेर बाकावर अठरा मोजलं मी!"

सोनम डॉक्टरांकडे जाऊन आली. आणखी एक महिना मिळाला. हा शेवटचा. आणि फाईलमधल्या एका जागेवर तिनं बोट ठेवलं, "काका, इथं लिहा, घरात सोबत कोण असतं? सुरुवातीला कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

त्यांनी पेन उचललं. खाली ठेवलं. "मुलगा पुन्याला असतो," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या हातातली फाईल ओढून घेतली आणि मागच्या बाजूला माझा फोन नंबर लिहिला.

"रातच्या नऊला मी फोन करनार, मुसकं बांदलं का इचारायला. सकाळी सहाला तुमी करायचा. किती तास झालं ते सांगायचं. एक दिवस चुकवायचा न्हाई."

"हुकूम हाय का?"

"व्हय."

"जी, साब," ते म्हणाले, आणि मिशीच्या कोपऱ्यात कुठंतरी हसले.

या वयात परक्या पुरुषाला नंबर देताना लाज कशी वाटली नाही, असं तुम्ही विचाराल. वाटली ना! एसटीत बसल्यावर वाटली. पार ताकारीपर्यंत कान गरम होते.

पहिल्या सकाळी सहाला ठोक्याला फोन वाजला. "हाजिर, साब. एक तास पाच मिनिटं."

"मग काढलं का?"

"जीव गुदमरला."

मी त्यांना माझी युक्ती सांगितली. दुपारी खुर्चीत बसायचं, पेपर वाचायचा आणि वाचता वाचता मास्क नाकावर ठेवायचा. झोपायचं नाही. नाकाची नुसती ओळख करून द्यायची. अंगणवाडीत नवं पोर रडत येतं, त्याला पहिल्याच दिवशी कोण कोंडून ठेवतं? दाराशी बसवायचं, खाऊ द्यायचा.

"म्हंजे मी तुमच्या अंगनवाडीत हाय तर."

"हाय की. आनि सगळ्यात दांडगट तुमीच हाय."

दुसऱ्या दिवशी दोन तास. चौथ्या दिवशी तीन. सहाव्या दिवशी फोनवर आवाजच निराळा होता, धुतल्यासारखा. "हाजिर, साब. चार तास चाळीस. आनि सपान पडलं… लय वर्सांनी सपान पडलं मला."

"काय पडलं सपनात?"

"ते सांगायचं हुकमात न्हाई," ते म्हणाले, आणि ठेवून दिला.

मी चुलीपुढे उभी राहून एकटीच हसत होते. चहा उतू गेला.

मग नऊचा फोन लांबायला लागला. पाच मिनिटांचा पंधरा, पंधराचा अर्धा तास. उसाला पाणी कधी दिलं, कारखान्याचं काय, कुंडलला पेरू कसे आहेत, उंब्रजला हायवेवर किती गाड्या. ते म्हणायचे, "जेवला का, साब?" मी म्हणायची, "तुमाला काय करायचंय?" मग मी सांगायचीच… भाकरी केली, वांगं केलं, मीठ जास्त झालं. तीन-चार वर्षं मीठ जास्त झालेलं कुणाला सांगायला नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "साब, तुमी परक्या मानसासाठी एवढं कशापायी करताय?"

मी उडवून लावणार होते. पण त्यांनी चेष्टेनं विचारलं नव्हतं. आणि फोनवर तोंड दिसत नाही, हे एक बरं असतं.

मी सांगितलं. उदयसिंह पेन्शनवर आले आणि आम्ही घराला एक खोली वाढवली. ते घोरायचे. गावात सगळे हसायचे, मीही हसायची. 'तुमच्या घोरन्यानं भिंतीचं पोपडं निघाल्यात,' असं म्हणत एक दिवस मी माझं अंथरूण नव्या खोलीत नेलं. दोन वर्षं आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना झोपलो. एका सकाळी चहा केला, हाक मारली… चहा गार झाला तरी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. मी तेच खरं धरून बसले. पुढे लेक क्रांती बाळंतपणाला आली, तिनं माझा श्वास थांबताना पाहिला आणि मला सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घोरता घोरता मध्येच एकदम शांत होणारं दुसरं कुणी घरात होतं का? तेव्हा मला कळलं, मी काय ऐकत होते आणि काय ऐकायचं सोडून दुसऱ्या खोलीत गेले होते.

"माझ्या योजनेच्या कार्डावर त्यांचं नाव हाय, हवालदार," मी म्हटलं. "ज्या मानसाला हे मशीन मिळालं न्हाई, त्याच्या नोकरीवर ते मला मिळालं. हे मी क्रांतीलासुदा कवा बोलले न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय. तवा कुनाला ठावं व्हतं, साब?"

"ठावं नव्हतं हे खरं. मी भिंतीपल्याड व्हते हे बी खरं."

त्यांनी समजूत घातली नाही. ते राहीबाईबद्दल बोलले. ती रोज रात्री त्यांच्या छातीवर हात ठेवून झोपायची आणि श्वास थांबला की कोपरानं ढोसायची. ते वैतागायचे, म्हणायचे, झोपू दे की गं. ती गेली, त्यानंतर ढोसणारं कुणी राहिलं नाही. "मला वाटायचं, ती माझी झोप मोडतीया," ते म्हणाले. "ती मला जित्ता ठेवत व्हती."

त्या रात्री फोन ठेवल्यावर मी मास्क लावला, पण झोप काही लागली नाही.

खरं सांगायचं तर झोप त्याआधीच बिघडली होती. पहाटे तीनलाच जाग यायची. मास्क काढून ठेवायची आणि फोन उशाशी घेऊन बसून राहायची. सहा वाजेपर्यंत. वाटायचं, आज नाही वाजला तर? सहाला तो वाजायचा, 'हाजिर' ऐकू यायचं, आणि मग माझा दिवस उजाडायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नाही.

चोविसाव्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. पाऊस कसला, वादळच. कुंडलला गारा पडल्या. नऊला फोन लावला. "बांदलं का?" एवढंच विचारून झालं, पलीकडून "बांदतोय, पर हितं लाईट—" आणि फोन बंद.

सहा वाजले. फोन वाजला नाही.

सव्वासहा. साडेसहा. मी लावला, तर बंद आहे म्हणून सांगणारी ती बाई. सात वाजता मी घराला कुलूप घातलं.

कुंडलहून ताकारी, ताकारीहून कराड, कराडहून उंब्रज. तीन गाड्या बदलल्या. खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता, रस्त्यात झाडं आडवी झाली होती, आणि मी देवाला एकच म्हणत होते — पुन्हा नको. एकदा झालं ते झालं. पुन्हा नको. त्या माणसाचा चेहरा मी जन्मात एकदा, तासभर पाहिला होता. तरी मला माहीत होतं की तो गेला, तर मी दुसऱ्यांदा विधवा होणार आहे आणि या वेळी मला रडायचाही हक्क नाही.

उंब्रजला चहाच्या गाड्यावर घर विचारलं. गल्लीच्या तोंडाशी आले आणि तिथंच थांबले. त्यांच्या दारात दहा-पंधरा माणसं उभी होती. टोप्या, टॉवेल, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे.

दारात माणसं कधी जमतात, हे आमच्या वयात कुणी सांगावं लागत नाही.

मी भिंत धरली. आणि गर्दीतून आवाज आला, "आरं, फांदी आधी वडा, मग तार सोडवा! एक-दोन-तीन… जोर लावा की रं!"

आंब्याची मोठी फांदी विजेच्या तारेवर पडली होती. ती माणसं दोर लावून ओढत होती, आणि पायरीवर उभे राहून हवालदार हुकूम सोडत होते. बनियन, लुंगी, आणि दोन्ही गालांवर मास्कच्या पट्ट्याचे लाल वळ. ताजे वळ. रात्रभर मास्क होता म्हणजे.

त्यांनी मला पाहिलं आणि हात तसाच हवेत राहिला. "साब… तुमी?"

"फोन का बंद?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"रातीपास्नं लाईट न्हाई. ट्रॅक्टरची बॅटरी काढली, शेजारचा छोटा इन्व्हर्टर जोडला. त्याला प्लग एकच. फोन लावू का मशीन लावू? मशीन लावलं, पहाटं बॅटरीबी उतरली. साडेपाच तास झालं, साब! म्हनलं तुमाला तास दाखवायचं हाईत, तर एक रात—"

"तास गेलं खड्ड्यात!" मी ओरडले. फांदी ओढणारे थांबले. "मला तास नको व्हतं. मला तुमचा आवाज पायजे व्हता. सहा वाजता, एकदा… एवढंच…"

आणि मी रडायला लागले. भर गल्लीत, पंधरा माणसांच्या देखत, चप्पल चिखलात रुतलेली. उदयसिंह गेले तेव्हा मी अशी रडले नव्हते. तेव्हा लोक म्हणाले होते, खंबीर बाई आहे.

ते पायरी उतरून आले. हात पुढे केला, मग मागे घेतला. हात कुठं ठेवायचा, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी खांद्यावरचा टॉवेल माझ्यापुढे धरला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "हाजिरी चुकली."

शेजारच्या सुलाबाईनं पाणी आणलं. "पावनी कोन म्हनायची?"

"ह्या… आमच्या दवाखान्यातल्या साब हाईत," ते म्हणाले. सुलाबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा टाकायला गेली. बाईमाणसाला काय फसवणार?

चहा पिऊन मी दुपारच्या गाडीनं परतले. पुढचे सहा दिवस फोन झाले, पण आखूड. "बांदलं का?" — "बांदलं." "किती?" — "सहा दहा." बस्स. जे बोलून गेले होते ते दोघांच्या मध्ये उभं होतं आणि त्याच्याकडे बघायचं धाडस कुणाला होत नव्हतं. मला तर वाटायला लागलं, महिना भरला की हे फोनसुद्धा बंद होणार. हुकमाची मुदतच तेवढी होती.

माझं कार्ड वाचायची तारीख खरं तर पुढच्या महिन्यात होती. तरी त्यांच्याच दिवशी मीही मशीन घेऊन सांगलीला गेले. का, ते विचारू नका.

सोनमनं त्यांचं कार्ड लावलं आणि टाळी वाजवली. "काका! तीसपैकी पंचवीस दिवस चार तासांच्या वर! वादळाच्या रात्रीसुद्धा! आता डॉक्टर लिहून देतील. मशीन तुमचं."

हवालदारांनी मान ताठ केली. मशीनवरचं हिरवं कापड आता मळलं होतं, नळीचं प्लास्टिक कधीच गेलं होतं. मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच आठवलं, हुकमाचा महिना भरला. संपलं.

"आता मावशी, तुमचं द्या."

तिनं माझं कार्ड लावलं. आणि तिचं हसू गेलं.

"मावशी, हे काय? दोन वर्षांत तुमची एक रात्र चुकली नव्हती. रोज सात तास. आणि हा महिना बघा." तिनं पडदा फिरवला, आम्हा दोघांकडे. "पहाटे तीनला बंद. अडीचला बंद. सव्वातीनला बंद. ही वादळाची रात्र तर लावलंच नाही. काय होतं रोज तीन वाजता? उठून काय करता?"

मी पदर तोंडाला लावला. पळायला जागा नव्हती. जे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते तिथं ओळीनं मांडलेलं होतं, तारीखवार, मिनिटांसकट.

हवालदार पडद्याकडे बघत होते. बावीस वर्षं त्यांनी याद्या वाचल्या होत्या. एक एक ओळ त्यांनी बोट न लावता, ओठ हलवत वाचली. मग माझ्याकडे वळले.

"तीनपास्नं सहापतुर," ते म्हणाले. "रोज?"

मी मान हलवली.

"मला श्वास घ्यायला लावून तुमी सोताचा सोडून बसला व्हय?"

मी पदर आणखी घट्ट धरला.

त्यांनी घसा खाकरला, सदऱ्याची बटणं चाचपली आणि सोनमला विचारलं, "पोरी, एक सांग. एका घरात अशी दोन मशीनं चालत्यात का? लोड झेपंल? वादळ-बिदळ आलं तर एका इन्व्हर्टरवर भागंल का मोठा घ्यावा लागंल?"

सोनमला काही उमगलं नाही. "चालतात की, काका. पण आवाज होतो ना थोडा. एकमेकांची झोप मोडायला नको. दोन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा."

"न्हाई," मी म्हटलं.

एवढ्या जोरात म्हटलं की सोनम दचकली. हवालदारांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मी त्यांनाच नाही म्हटलं.

"दुसऱ्या खोलीत मी झोपायची न्हाई," मी म्हटलं. "एकदा झोपले. आता न्हाई. एकाच खोलीत. भिंत नको मदी."

आता मात्र सोनमला उमगलं. ती एकदम खाली वाकून टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागली. खाली काही पडलेलं नव्हतं.

"विजयमाला," ते म्हणाले. महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं. "सुभेदारांचा फोटो आनायचा बरं का. राहीबाईच्या शेजारी लावू."

लग्न, कागद, कार्डावरचं नाव, पेन्शनची कचेरी काय म्हणेल, क्रांती काय म्हणेल, उंब्रज आणि कुंडल काय म्हणतील — सगळं पुढं होतंच. लग्नानंतर माझं योजनेचं कार्ड राहतं का, ते विचारून मगच पाऊल टाकायचं, असंही ठरलं, कारण मशीन सोडून मला चालणार नव्हतं आणि त्यांना तर मुळीच चालणार नव्हतं. स्टँडवर त्यांनी दोन्ही मशीनं उचलली, दोन्ही खांद्यांना एकेक. माझी गाडी आधी लागली. खिडकीतून मशीन आत देताना त्यांची बोटं माझ्या बोटांवर जराशी थांबली. "आज तीनला उठायचं न्हाई," ते म्हणाले. "हुकूम हाय."

नऊला फोन झाला. मी मास्क लावला, पट्टा ओढला आणि पहिल्यांदाच फोन उशाशी न ठेवता कपाटावर ठेवला.

जाग आली ती फोनच्या आवाजानं. खिडकीत चांगलं उजाडलं होतं. मी धडपडत उठले, मास्क नाकावरच होता, नळी मागे लोंबत होती.

"किती तास?" पलीकडून त्यांनी विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. मास्क काढला, एक लांब श्वास घेतला.

"हाजिर, साब," मी म्हटलं. "साडेसात."